स्टुटगार्टच्या मैत्रिणीस: परदेशातून अमेरिकेच्या उमेदवाराला हात द्यायचा असेल तर

पुणे

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. तिथल्या मराठी मंडळींनी वर्गणी काढायची, पेनसिल्व्हेनियातल्या मतदारांना पत्रं पाठवायची आणि उमेदवाराच्या नावाने चौकात सभा घ्यायची असं ठरवलंय, हे वाचून तुमच्या तळमळीबद्दल खरंच आदर वाटला. युद्ध सुरू करायचं की थांबवायचं हे वॉशिंग्टनमध्ये ठरतं, झळ सगळ्या जगाला बसते आणि मत मात्र आपल्याला नसतं. याचा राग यायलाच हवा. पण तुमच्या बेतांपैकी एक सरळ बेकायदा आहे, एक उलटण्याचीच शक्यता जास्त आणि तिसरा थोडा बदलला तर कामाचा आहे.

आधी पैशाचं. अमेरिकेचं नागरिकत्व नाही आणि ग्रीन कार्डही नाही, अशा माणसाला तिथल्या कोणत्याही निवडणुकीत एक डॉलरही देता येत नाही. अध्यक्षपदापासून गावच्या शाळा मंडळापर्यंत हाच नियम आहे. रक्कम किती लहान याला महत्त्व नाही. तुमच्यातला एक जण अमेरिकन नागरिक आहे, त्याने आपल्या कार्डावरून भरायचे आणि तुम्ही त्याला युरो परत करायचे, असं तू सुचवलंस. ते अजिबात करू नका. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात तोही अडकेल.

प्रचाराचे टी-शर्टही मागवू नका. उमेदवाराच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूची पूर्ण किंमत देणगी म्हणूनच धरली जाते. २००८च्या निवडणुकीच्या वेळी गाझामधल्या दोन भावांनी ओबामांच्या संकेतस्थळावरून तीस हजार डॉलरहून जास्त किमतीचे टी-शर्ट घेतले. पत्त्यातली ‘जीए’ ही अक्षरं प्रचार कार्यालयाने जॉर्जिया राज्य म्हणून वाचली. पैसे परत करण्याची वेळ आली आणि विरोधकांनीही नेमकं तेच उचललं.

पत्रकं छापणंही याच नियमात येतं. न्यूयॉर्कमध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या एका कॅनडाच्या नागरिकाला ओबामांच्या बाजूची पत्रकं स्वखर्चाने छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. तो कोर्टात गेला आणि २०११मध्ये हरला. २०१२च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. मात्र त्याच निकालात तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे: उमेदवाराला निवडून द्या किंवा पाडा असं न म्हणता एखाद्या प्रश्नावर बोलायला आणि त्यासाठी खर्च करायला हा कायदा परक्या नागरिकाला अडवत नाही. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून राबणंही चालतं, फक्त पैशाच्या आणि प्रचाराच्या निर्णयांत हात घालायचा नाही.

आता पत्रांचं. हा प्रयोग २००४मध्ये मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. इराकवर हल्ला होऊन दीड वर्ष झालं होतं आणि अबू घरेबच्या तुरुंगातल्या इराकी कैद्यांच्या छळाची छायाचित्रं जगाने पाहिली होती. ३५ देशांत एक जनमत चाचणी झाली, त्यात ३० देशांचा कल अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या जॉन केरींकडे निघाला. बुश पुढे होते ते फक्त फिलिपिन्स, नायजेरिया आणि पोलंडमध्ये. थायलंड आणि आपला भारत दुभंगलेले होते. आपल्याकडे युद्धाला विरोध होता, संसदेने ठरावही केला होता. पण परदेशात नोकऱ्या नेणाऱ्या कंपन्यांवर केरी तुटून पडत होते आणि पुण्या-बंगळूरच्या आयटीवाल्यांना ते टोचत होतं.

त्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ या वृत्तपत्राने वाचकांच्या पत्रांसाठी ओहायो राज्यातली क्लार्क काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, निवडली. २०००मध्ये तिथे बुश यांचे तेव्हाचे प्रतिस्पर्धी अल गोर अवघ्या ३२४ मतांनी पुढे होते. मतदारयादी तिथे कोणालाही मिळते. वृत्तपत्राने ती २५ डॉलरला घेतली आणि कोणत्याच पक्षाशी नोंद नसलेले मतदार त्यातून वेगळे काढले. वाचकाने ईमेल पत्ता द्यायचा की त्याला एका मतदाराचं नाव आणि पत्ता मिळायचा. काही दिवसांतच अकरा हजारांहून जास्त पत्ते वाटले गेले. सभ्य भाषेत लिहा, आपण परदेशी आहोत हे आधीच सांगा, अशा सूचनाही दिल्या होत्या.

तरी बिनसलं. एक तर पत्र अनोळखी माणसाचं, परदेशी तिकीट लावलेलं, थेट घरच्या पत्त्यावर येणारं. आपलं नाव आणि पत्ता परक्या देशात वाटला गेला हे कळल्यावर आतला मजकूर कोण शांतपणे वाचेल? दुसरं, नामवंत लेखकांची नमुन्याची पत्रं आधीच छापून आली आणि अमेरिकेत पसरली. त्यांचा सूर शिकवण्याचा होता. ‘ब्रिटिश आम्हाला मत कोणाला द्यायचं ते सांगतात’ ही बातमी झाली आणि ती प्रत्येक पत्राच्या आधी पोचली. वृत्तपत्राकडे संतापाच्या ईमेलचा पूर आला आणि मोहीम ठरलेल्या वेळेआधीच गुंडाळावी लागली. निकालात बुश क्लार्क काउंटीत सोळाशेहून जास्त मतांनी जिंकले. २०००मध्ये ओहायोतल्या ज्या काउंट्यांनी गोर यांना कौल दिला होता, त्यांपैकी बुशकडे वळलेली ही एकटीच. पत्रांमुळेच वळली असं सिद्ध करता येत नाही. पण ज्याला मदत करायची त्याला पत्रांनी काही दिलं नाही, हे उघड आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये परदेशी नेत्यांना आपण हवे आहोत, असं केरी बोलून गेले आणि ते वाक्य निवडणुकीपर्यंत त्यांच्यावर उलटवलं गेलं. लढाई चालू असताना ‘बाहेरच्यांचा आवडता’ हा शिक्का उमेदवाराला फार महागात पडतो.

सभेचा धोका हाच. २४ जुलै २००८ला बर्लिनच्या विजयस्तंभापाशी ओबामांना ऐकायला दोन लाखांवर लोक जमले. आठवड्याच्या आत त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या जाहिरातीत त्या गर्दीची दृश्यं पॅरिस हिल्टन आणि ब्रिटनी स्पीअर्स या ‘सेलिब्रिटीं’च्या शेजारी झळकली. याहून महत्त्वाचं म्हणजे, इराकमधून सैन्य काढणारा माणूस म्हणून लोक जमले होते, आणि त्याच भाषणात त्यांनी अफगाणिस्तानसाठी युरोपचं सैन्यही मागितलं. २००९च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तिथे आणखी ३०,००० सैनिक धाडले. केरींनीही २००२मध्ये सिनेटमध्ये इराकवर बळ वापरण्याच्या बाजूने मत दिलं होतं. दोघांनीही काही लपवलं नव्हतं. युद्धाला कंटाळलेल्या लोकांनी आपल्या मनातला माणूस त्यांच्यात पाहिला. तुमच्या उमेदवाराचं या युद्धाबद्दलचं मत त्याच्या भाषणांतून आणि सभागृहातल्या मतदानातून तपासा. दुसऱ्यांनी केलेल्या कौतुकावर जाऊ नका.

म्हणून सभा घ्याच, पण युद्धाबद्दल घ्या, आणि त्याला तुमच्या शहरासारखी जागा नाही. अमेरिकेच्या युरोपातल्या आणि आफ्रिकेसाठीच्या, दोन्ही लष्करी कमांडची मुख्यालयं स्टुटगार्टमध्येच आहेत. २००३मध्ये तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर श्र्योडर इराक युद्धाच्या विरोधात होते, तरी अमेरिकेला जर्मनीतले तळ आणि हवाई मार्ग वापरू दिले गेले; अमेरिकन छावण्यांवर पहारासुद्धा जर्मन सैनिकांनी दिला. या गोष्टी बर्लिनमध्ये ठरतात. ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलंय त्यांनी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला गाठावं. तिथे तुमच्या पत्राला वजन आहे.

आणि खरी मतं तुमच्या-आमच्या घरातच आहेत. आईवडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना तिकडे जन्मलेली, पुढे पुण्याला परतलेली कितीतरी मुलं आता अठरा ओलांडून गेली आहेत. ती जन्माने अमेरिकन नागरिक आहेत आणि तिकडे घर नसलं तरी शेवटच्या पत्त्याच्या राज्यातून त्यांना मत देता येतं. तुझा पुतण्या त्यातलाच. त्याने ‘फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन’ नावाचा अर्ज भरायचा, आणि तो दरवर्षी नव्याने भरायचा, कारण मागच्या अर्जावर विसंबून राहिल्यानेच पुष्कळांची मतपत्रिका येत नाही. आता राहतो तो पत्ता टपालासाठी आणि अमेरिकेतला शेवटचा पत्ता मतदानासाठी, अर्जातले हे दोन रकाने उलटसुलट होऊ देऊ नका. कोरी मतपत्रिका ईमेलने मागवायची म्हणजे जायचा टपालाचा वेळ वाचतो. वेळेत अर्ज केला असेल तर ती मतदानाच्या ४५ दिवस आधी निघते. भरलेली परत कशी पाठवायची हे राज्यागणिक बदलतं: कुठे ईमेल चालतो, कुठे फक्त कागद. कागदच लागत असेल तर टपालाला काही आठवडे धरा. मतपत्रिका आलीच नाही तर ‘फेडरल राइट-इन’ ही पर्यायी मतपत्रिका असते. सही अर्जावर आणि पाकिटावर सारखीच हवी, आणि ती त्यानेच करायची. घाईत आईने किंवा काकूने केलेली सही मत बाद करू शकते. कराची धास्ती त्याच्या वडिलांना वाटेल. अध्यक्ष, काँग्रेस अशा संघीय पदांपुरतं मत दिल्याने राज्याचा कर मागे लागत नाही, हे त्यांना सांग.

पुतण्या अमेरिकेत शेवटचा कोणत्या राज्यात आणि काउंटीत राहत होता आणि त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे का, एवढं लगेच कळव. त्या राज्याची नोंदणीची शेवटची तारीख आणि पाठवण्याची रीत बघून मी अर्ज कसा भरायचा ते लिहून पाठवते. मंडळींमध्ये अशी आणखी मुलं असतील तर त्यांचीही राज्यं लिही.

तुझी,
सुनंदा