ऐकलेले पुस्तकही वाचलेलेच

महोदय,
आईची नजर अधू झाल्यापासून आमच्या घरी संध्याकाळी ओट्यावर मोबाइल ठेवून पुस्तके ऐकली जातात. वर्षभरात ऐकलेल्यांत मनात घर करून राहिले ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांची घरगुती मराठी कानावर पडली की शेजारची आजीच बोलते आहे असे वाटते. वडिलांच्या सोवळ्याचा भाग आला आणि आईच्या हातातली गवार तशीच राहिली. "पुन्हा लाव गं," म्हणाली. मी हे पुस्तक कॉलेजात असताना वाचले होते, पण त्यातला मिश्कीलपणा खरा कळला तो आता, ऐकताना.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. जेलरोडवरून रोज जाते, तरी ही गोष्ट यंदा पुस्तक पुन्हा हाती घेतल्यावरच आठवली. 'बनगरवाडी' मात्र कागदावरच वाचावी. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, तिथे मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आपल्या शहरात १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. शहरातल्या सर्वच वाचनालयांनी, नजर साथ देत नाही अशा ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एक तास पुस्तक ऐकवण्याचा ठेवावा, ही कळकळीची विनंती. रविवारी सकाळी मोठ्याने वाचून दाखवायला मी येईन.

– एक वाचक, नाशिकरोड