पुरात धावून आलेल्यांचे मनापासून आभार

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि आमच्या ऑनलाइन किराण्याचं गोदाम कमरेएवढ्या पाण्यात गेलं. तूरडाळीची पोती फुगून शिवणीत उसवली होती, भिवापुरी मिरचीचं तिखट पाण्यावर पसरलं होतं. मी इंदूरहून आलेला, नागपुरात ना नातं ना गोतं. तरी वस्तीतली पोरं चिखलात उतरली, वरच्या फळीवरचे डबे त्यांनी हातोहात गच्चीवर पोचवले. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्यानं तर जुनी उधारी थकलेली असताना नवा माल पाठवला, वर म्हणाले, "आधी दुकान उभं करा, हिशेब मग पाहू." अशी माणसं भेटायला नशीब लागतं! नावं लिहिलेली तुम्हाला आवडणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. त्या दिवाळीत फराळाचं सामान घरोघर वेळेवर पोचलं, ते तुमच्यामुळेच.