नदीकाठची माती तशीच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखला जाणारा हिरवा पट्टा पक्षीनिरीक्षकांना चांगलाच परिचित आहे. भर शहरात, रहदारीचा आवाज कानावर येत असतानाच, येथे हळदी-कुंकू बदके, ढोकरी, शराटी, शेकाटे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे धोबी व तुतवार पाहता येतात. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पात हा भागही येत असल्याने एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

या प्रकल्पावरील चर्चा बहुतेक वेळा झाडांपाशी थांबते. झाडांची काळजी रास्तच आहे, परंतु पाणपक्ष्यांचा संसार झाडांपेक्षाही पाणी आणि जमीन जेथे भेटतात त्या चिखलाच्या अरुंद पट्टीवर चालतो. लांब पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात उभा राहून अळ्या टिपतो, तर आखूड पायांचा तुतवार शेपटी सतत खालीवर हलवत कडेच्या ओल्या गाळात चोच मारत फिरतो. काठ दगडांनी बांधून पाण्याला सरळ भिंत दिली, की किनाऱ्यालाच खोल पाणी लागते आणि या दोघांनाही उभे राहायला जागा उरत नाही. खंड्या आणि वेडा राघू यांची तर मातीच्या उभ्या कडेत बोगदा खोदून अंडी घालण्याची रीत आहे. दगडी काठावर शोभेची झाडे कितीही लावली तरी त्यांची ही गरज भागणार नाही.

येथे पक्षी पुष्कळ दिसतात म्हणून नदी निरोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मैलापाण्याने माजलेल्या गाळात अळ्या भरपूर होतात आणि शेकाट्यांचे थवे त्यांवरच पोसले जातात. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र पाणी स्वच्छ करण्यासाठी काठ बांधून काढावा लागत नाही.

म्हणून माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे, की निदान येरवड्याच्या या पट्ट्यात मातीचा नैसर्गिक उतार, गाळाची बेटे आणि काठचे गवत यांना हात लावू नये. नागरिकांसाठी पायवाट हवीच असेल तर ती झाडांच्या मागून, पाण्यापासून दूर न्यावी आणि तिच्यावर रात्रभर जळणारे प्रखर दिवे बसवू नयेत. पक्षी पाहायला येणाऱ्या आम्हा मंडळींनीही छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावणे थांबवले पाहिजे. काठाच्या रचनेचा आराखडा काम सुरू होण्यापूर्वी स्थानिक पक्षी-अभ्यासकांपुढे ठेवावा आणि त्यांच्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे, एवढी मागणी आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

– एक पक्षीनिरीक्षक, पुणे