ऑनलाइन ‘एमएसडब्ल्यू’ : क्षेत्रकार्याचा हिशेब कोण ठेवणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की ‘नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू’ (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी), ‘घरबसल्या पदव्युत्तर पदवी’ अशा जाहिराती वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर दिसू लागतात. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी सेवानिवृत्तीपर्यंत काम केले. त्या काळात नियमित महाविद्यालयांतले आणि दूरस्थ पद्धतीने शिकणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून शिकण्यासाठी, आमच्या विभागात येत असत. या जाहिरातींत क्षेत्रकार्याचा सहसा उल्लेखही नसतो, आणि समाजकार्याच्या शिक्षणाचा कणा तर तोच आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दूरस्थ वा ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. मुंबईत १९३६ साली नागपाडा येथे ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले, त्याचीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. त्यानंतर १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था अशा संस्था उभ्या राहिल्या आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत. परंतु ती सगळी दिवसभराची, दोन वर्षांची आणि आठवड्यातले सुमारे दोन दिवस क्षेत्रकार्यात घालवायला लावणारी आहेत. किनवटच्या संस्थेत काम करणारा कार्यकर्ता, अंगणवाडीची पर्यवेक्षिका, एचआयव्ही समुपदेशन केंद्रातला कंत्राटी समुपदेशक किंवा मुले जरा मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी गृहिणी यांना हे जमणारे नाही. कंत्राटी माणसाला तर अभ्यासासाठी रजा मागण्याचीही सोय नसते, कारण रजा मागितली तर पुढच्या वेळी करारच होणार नाही ही धास्ती असते. अशांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा (इग्नू) एमएसडब्ल्यू किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतो आणि विद्यापीठाचे अभ्यास साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर कोणालाही विनामूल्य वाचता येते, ही मोठीच सोय आहे. पुस्तकी भागापुरते बोलायचे तर दूरस्थ विद्यार्थी मला कधी कच्चे वाटले नाहीत. उलट गावात दहा-बारा वर्षे काम करून आलेल्या बाईला समुदाय संघटनाचे प्रकरण नियमित विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळते, असाच अनुभव आहे.

अडचण पुढे सुरू होते. जळीत कक्षात भाजलेली तरुण विवाहिता येते आणि ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असे सांगते, तेव्हा खाटेशेजारी सासू उभी असते. अशा वेळी सासूला काय निमित्ताने बाहेर पाठवायचे, रुग्णाला कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता मुळीच विचारायचा नाही, डॉक्टरांशी आणि चौकीतल्या पोलिसांशी काय बोलायचे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला केव्हा कळवायचे, आणि यातले कागदावर नेमके किती लिहायचे, हे विद्यार्थ्याने एकदा तरी प्रत्यक्ष उभे राहून शिकावे लागते. पहिल्या वेळी बहुतेक विद्यार्थी चुकतातच. त्या दिवशीचा अहवाल पर्यवेक्षक वाचतो आणि विचारतो, ‘हा प्रश्न सासूसमोर का विचारलास? तिच्या चेहऱ्यात काय बदल झाला ते का लिहिले नाहीस?’ या विचारपुशीतून समाजकार्यकर्ता घडतो. व्याख्यान महाविद्यालयात ऐकले की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, याने त्यात फारसा फरक पडत नाही. निर्धन रुग्णाचेही तसेच आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, हा नियम कोणालाही पाठ करता येतो. परंतु खाट शिल्लक नाही असे सांगणाऱ्या खिडकीपाशी रुग्णाच्या मुलासोबत उभे राहून शांतपणे आपले म्हणणे कसे लावून धरावे, हे पाठांतराने येत नाही.

दूरस्थ विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले काय येते? पुष्कळदा संस्था त्यानेच शोधायची, पर्यवेक्षकही त्यानेच गाठायचा आणि अहवालांची वही त्यानेच पूर्ण करून आणायची, अशी रीत पडून गेली आहे. सत्र संपत आले की ओळखीने निरोप येतात आणि वर्षभराच्या अहवालांवर एका बैठकीत सह्या मागितल्या जातात. मी नकार दिला की दुसरीकडे सह्या मिळत असत, हेही मला ठाऊक आहे. पर्यवेक्षकालाच दोष देऊन भागणार नाही, कारण हे काम तो आपली नोकरी सांभाळून, नाममात्र मानधनावर आणि बऱ्याचदा विद्यापीठातल्या एकाही माणसाशी न बोलता करत असतो. याहून अवघड गोष्ट अशी की जो आधीच एखाद्या संस्थेत नोकरी करतो, तो तीच नोकरी क्षेत्रकार्य म्हणून दाखवतो आणि त्याचा वरिष्ठच पर्यवेक्षक होतो. मग विद्यार्थ्याला नवे काही करावे लागत नाही आणि संस्थेच्या कामातल्या उणिवांवर वहीत चार ओळी लिहिण्याचीही मोकळीक राहत नाही. नियमित महाविद्यालयांतही वह्या उतरवून काढल्या जातातच, तेव्हा त्यांनी फार शहाजोगपणा करण्याचे कारण नाही. पण तिथे निदान दर आठवड्याला विचारणारा कोणी तरी असतो.

परदेशातल्या दोन उदाहरणांचा इथे उपयोग होईल. अमेरिकेत समाजकार्याचे ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून रुळले आहेत, परंतु तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेची मान्यता हवी असेल तर विद्यार्थ्याला किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य करावेच लागते आणि ऑनलाइन शिकतो म्हणून त्यात सवलत नाही. इंग्लंडमध्ये समाजकार्याच्या पात्रतेसाठी २०० दिवसांचे प्रत्यक्ष काम आणि कौशल्य प्रशिक्षण ठरवून दिलेले आहे. आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांनाही परिषद आहे. समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी मात्र वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे क्षेत्रकार्याचे तास आणि त्यांचा दर्जा यांची जबाबदारी शेवटी ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर उरते.

मी प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरते म्हणजे दूरध्वनीवरून होणारे काम कमी लेखते असे कोणी समजू नये. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ मध्ये टाटा संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणूनच मुंबईत सुरू झाली होती, आणि ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी उपलब्ध आहे. फोनवर रडणाऱ्या माणसाला ऐकून घेणे हेही शिकण्याचेच कौशल्य आहे. ते क्षेत्रकार्याचा एक हिस्सा म्हणून जरूर मोजावे, सगळे क्षेत्रकार्य म्हणून मोजू नये.

माझी विद्यापीठांना सूचना अशी की त्यांनी क्षेत्रकार्य विद्यार्थ्याच्या ओळखीपाळखीवर सोडू नये. महाराष्ट्रात समाजकार्य महाविद्यालये पुरेशी आहेत. त्यांच्याशी करार करून प्रत्येक जिल्ह्यात क्षेत्रकार्याचे केंद्र ठरवावे, हिंसाचारग्रस्त महिलांसाठीची सखी केंद्रे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, शासकीय रुग्णालये आणि चांगल्या स्वयंसेवी संस्था यांची यादी प्रवेशापूर्वीच जाहीर करावी आणि पर्यवेक्षकाला वेळेवर, पुरेसे मानधन द्यावे. नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवार आणि सलग काही आठवडे अशी विभागणी करून देता येईल. निम्मे तरी तास स्वतःच्या नोकरीबाहेरच्या संस्थेत झाले पाहिजेत, एवढी एक अट मात्र काटेकोर असावी. ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग इथेच आहे. गडचिरोली, नंदुरबार आणि लातूरचे सहा विद्यार्थी आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकासह पडद्यावर एकत्र बसून आपापल्या अहवालांवर बोलू शकले, तर जे नियमित महाविद्यालयातही क्वचित घडते ते या विद्यार्थ्यांना मिळेल.

भाषेचीही एक अडचण आहे. इग्नूच्या या अभ्यासक्रमाची माध्यमे इंग्रजी व हिंदी आहेत. रुग्ण मराठीत किंवा गोरमाटीत (बंजारा बोलीत) बोलतो आणि अहवाल मात्र हिंदीत लिहावा लागतो, तेव्हा त्याच्या बोलण्यातले नेमके तेच वाहून जाते ज्यासाठी अहवाल लिहायचा असतो. निदान क्षेत्रकार्याची वही मराठीत लिहिण्याची मुभा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना असावी.

अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी काही गोष्टी तपासाव्यात. त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोची मान्यता त्या सत्रासाठी आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर दिसते; प्रवेशासाठी आता ‘डीईबी आयडी’ हा या ब्यूरोचा ओळख क्रमांकही काढावा लागतो. ज्यांना मनोविकार समाजकार्यकर्ता व्हायचे आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यासाठी पदव्युत्तर पदवीखेरीज दोन वर्षांचा पूर्णवेळ, पर्यवेक्षित प्रशिक्षणासह एम.फिल. अभ्यासक्रम सांगितलेला आहे. शिवाय २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेतील अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास आयोगाने २०२५ पासून मनाई केली असून, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य या कायद्याच्या अनुसूचीत येते. रुग्णालयातल्या नोकरीचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच आपली पदवी त्या कामासाठी चालेल का, याचे उत्तर विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत.

राहता राहिल्या नोकरी देणाऱ्या संस्था. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, असे आयोगाच्या २०२० च्या विनियमांत आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्टही केले. तरीही ‘फक्त नियमित एमएसडब्ल्यू’ अशी अट घातलेल्या जाहिराती निघतात. कायद्याने पूर्णवेळ शिक्षणाची अट घातलेली पदे सोडून इतरत्र ती काढून टाकावी आणि त्याऐवजी उमेदवाराने क्षेत्रकार्य कोणत्या संस्थांत, किती तास आणि कोणाच्या पर्यवेक्षणाखाली केले ते विचारावे. हा तपशील गुणपत्रिकेवरच छापण्याचे विद्यापीठांनी ठरवले, तर सत्राच्या शेवटी सह्यांसाठी होणारी धावपळ बरीच कमी होईल, असे मला वाटते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, लातूर