जात कंपनीने ठरवावी, नाव मुलीने

संपादक महोदय,

माझी भाची पाचवीत शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मोबाइलवरच्या एका खेळात एक प्राणी पाळायला घेतला. तो अंड्यातून निघतो, त्याला भरवावं लागतं, आंघोळ घालावी लागते, दोन दिवस विसरलं तर तोंड पाडून बसतो. तिने त्याचं नाव ठेवलं गोदा. रोज संध्याकाळी रामकुंडावरून आजीबरोबर जाणाऱ्या मुलीला दुसरं काय सुचणार? खेळात मराठी अक्षरं चालत नाहीत, म्हणून रोमन अक्षरांत लिहिलं. तीन महिने गोदा सुखात होती. गणपतीच्या दिवसांत एका सकाळी पोरीने खेळ उघडला, तर नावाच्या जागी भलताच इंग्रजी शब्द आणि पुढे चार आकडे. खाली एक ओळ : नाव नियमात बसत नसल्यामुळे बदलले आहे. कुठल्या नियमात, ते लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग आम्ही दोघींनी नवा प्राणी घेऊन एकेक नाव घालून पाहिलं. गंगा चाललं. गोदावरी चाललं नाही. गोडी चाललं नाही. तेव्हा उलगडा झाला. रोमनमध्ये गोदा लिहिलं की पहिली तीन अक्षरं इंग्रजीतल्या देवाची होतात, आणि देवाचं नाव प्राण्याला नको म्हणून यंत्र ते खोडत असावं. हा घोळ जुनाच आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेत खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली होती. इतक्या वर्षांनी आमची नदी त्याच चाळणीत अडकली.

मी या मुलीची आत्या. बारशाला हिच्या कानात कुर्रर्र मीच केलं, पाठीवर धपाटेही मीच खाल्ले. नाव ठेवण्याचा मान काय असतो, हे मला ठाऊक आहे. तो मान मला मिळाला कारण मी त्या घरची आहे. पाळणा ज्या सुताराने केला, त्याला कुणी नाव विचारलं नव्हतं. खेळ बनवणाऱ्या कंपनीने पाळणा उत्तम केला आहे, ते मी मान्य करते.

माझे वडील निफाड तालुक्यातले शेतकरी. त्यांनी एकदा घोटीच्या बाजारातून डांगी बैल आणला. विकणाऱ्याने कासरा हातात देताना सांगितलं, ‘याचं नाव सर्जा.’ वडिलांच्या मनात दुसरं नाव होतं, पण सर्जा म्हटलं की बैल मान वळवायचा, म्हणून सर्जाच राहिला. डांगी ही जात, सर्जा हे नाव. माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांत आहे. प्राण्याची जात, रंग, शिंगं, शेपटी कंपनीने ठरवावी, जातीला हवं ते नाव द्यावं. पण त्या जातीतला हा एक प्राणी ज्याने भरवून वाढवला, त्याची हाक त्याच्याच तोंडची हवी.

काही खेळांत एक नाव एकदाच घेता येतं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या निओपेट्समध्ये अशीच पद्धत आहे. साधी नावं पहिल्या आलेल्यांनी नेली, उरलेल्यांच्या प्राण्यांना नावामागे आकडे आणि रेघा लावाव्या लागल्या. याची खरोखर गरज नाही. पोळ्याला एका वेशीतून पाच सर्जा निघतात, कुणाचं अडत नाही. सरकारला गुरं मोजायची असतात म्हणून त्यांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात. गोठ्यात मात्र कुणी बारा आकड्यांनी हाक मारत नाही. कंपनीनेही आपला क्रमांक आपल्या वहीत ठेवावा.

सोडून दिलेला प्राणी दुसऱ्याने घेतला, तर निओपेट्समध्ये जुनंच नाव राहतं. पोकेमॉनच्या सुरुवातीच्या खेळांतही अदलाबदलीत आलेल्या प्राण्याचं नाव नव्या मालकाला बदलता येत नसे. भाचीला हे पटत नाही, तिला वाटतं नव्या घरी नवं नाव हवं. मी सर्जाच्या बाजूची आहे. नव्या मुलाने घरात लाडाचं नाव ठेवावं, पण आधीच्या पाळणाऱ्याचं नाव पुसू नये.

शिवीगाळ, कुणाला दुखावणारी नावं अडवलीच पाहिजेत. ही लहान मुलांची जागा आहे. पण अडवण्याआधी भाषा जाणणाऱ्या माणसाने ते नाव वाचावं, कारण सांगावं आणि दुसरं नाव निवडायला मुलीला आठवडाभर तरी द्यावा. परस्पर दुसरं नाव ठेवू नये. मराठी मुलं खेळतात, तर देवनागरीही चालू करावी. मग ही तीन अक्षरं आडवी येणारच नाहीत.

मी कंपनीला मराठीत आणि इंग्रजीत, दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच ठरावीक उत्तर आलं, त्यात भाचीच्या प्राण्याचा उल्लेख त्या चार आकड्यांनी केला आहे. भाची रोज खेळ उघडते, त्याला भरवते आणि मोठ्याने गोदा म्हणते.

– एक आत्या, पंचवटी, नाशिक