'माठ सच्छिद्र असतो' एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'माठातले पाणी थंड राहते, शास्त्रीय कारण लिहा' असे विचारले की 'माठ सच्छिद्र असतो, त्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन होते' हे उत्तर दहावीची मुले झोपेतून उठवून विचारले तरी देतील. उत्तर बरोबरच आहे. पण पाणी किती अंशांनी थंड झाले, किती पाणी उडाले आणि तेवढे पाणी उडाल्याने तेवढा थंडावा येईल का, यातले काहीच त्या मुलाने पाहिलेले नसते. प्रयोगवहीतले 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे भागही फळ्यावरून किंवा बाजारातल्या तयार वहीतून उतरवले जातात. प्रात्यक्षिकाचे 20 गुण पदरात पडतात. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा हे मात्र राहून जाते.

ते शिकवण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नववीच्या वर्गाला मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत हाच माठ पुरतो. कुंभाराकडून 3 लिटरची दोन सारखी मडकी आणावीत. एकाची छिद्रे बुजावीत म्हणून त्याला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात देऊन दोन दिवस वाळू द्यावे. आदल्या रात्री दोन्ही पाण्याने भरून ठेवावीत. सकाळी ती रिकामी करून, एकाच बादलीतले 2-2 लिटर पाणी मोजून भरावे, झाकण ठेवावे आणि दोन्ही व्हरांड्यात सावलीत, कोरड्या ताटल्यांवर ठेवावीत. पाच मिनिटांनी पहिली नोंद, मग दर अर्ध्या तासाला पाण्याचे तापमान आणि मडक्यासकट वजन. वजनासाठी स्वयंपाकघरातला 5 किलोचा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. ताटलीत पाणी साचले तर मडके गळते आहे असे समजून ती नोंद बाद करावी.

चुका ठरलेल्या जागी होतात. तापमापी पाण्याबाहेर काढून वाचली तर ओल्या फुग्यावरचे पाणी उडून पारा आणखी उतरतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे काही सेकंदांत होते. म्हणून फुगा पाण्यात बुडालेला असतानाच, डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवून वाचावे. दुसरी चूक म्हणजे वजनाऐवजी पाण्याची पातळी मोजणे. नीट न भिजलेले मडके स्वतःच पाणी शोषते, पातळी उतरते आणि मुले ते सगळे बाष्पीभवनाच्या खात्यावर टाकतात. मडक्यासकट वजन केले की हा घोळ होत नाही, कारण मातीत मुरलेले पाणीही काट्यावर असतेच.

खरा कस लागतो तो लिहिताना. समजा, साध्या मडक्यातले पाणी 5 अंशांनी उतरले आणि रंगवलेल्यातले जेमतेम 1 अंशाने. बरीच मुले एवढे लिहून थांबतात. हा पुरावा झाला, पण त्यावरून काय सिद्ध होते आणि का, हे अजून आलेलेच नाही. 'माती मुळातच थंड असते' असे म्हणणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, आणि त्याला गप्प बसवू नये. दोन्ही मडकी एकाच मातीची, एकाच सावलीतली. मग फरक का पडला, हे वर्गानेच त्याला समजावून सांगावे.

मग आकडेमोड. 2 लिटर पाणी 5 अंशांनी थंड व्हायचे तर त्यातून 10,000 कॅलरी उष्णता जायला हवी. साधारण 30 अंशांना 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी लागतात (540 हा आकडा 100 अंशांचा). भागाकार केला तर 17 ग्रॅमच्या थोडे वर येते. मडकेही थंड होते आणि बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त पाणी उडायला हवे. काट्यावर 30-40 ग्रॅमची घट दिसली तर दावा टिकतो. 5 ग्रॅमच दिसली तर नोंदीत चूक आहे किंवा कारण तरी वेगळे आहे. आमच्या मते अख्खा प्रयोग या एका भागाकारासाठी करावा, आणि अशा उत्तराला 5 गुण असतील तर दाव्याला 1, एककासह आकड्यांना 2 आणि आकड्यांवरून दावा का टिकतो हे दाखवणाऱ्या या जोडणीला 2 द्यावेत. जोडणी नसेल तर ते 2 गुण कापावेत, मग उत्तर पुस्तकातल्याशी शब्दशः जुळो. हीच मुले दहावीत गेली की जुलैत प्रयोग पुन्हा करावा. दमट हवेत फरक बराच कमी पडतो. पावसाळ्यात कूलर का चालत नाही हे नागपूरच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही, फक्त ते आकड्यात मांडायला शिकवावे लागते.

कधीकधी पुरावाच कच्चा असतो. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली होती. हा आकडा वर्गात ठेवून विचारावे की तो खरा असेल तर आणखी काय काय दिसायला हवे? आसपासच्या केंद्रांवरही पारा तसाच चढलेला हवा. पण दुसऱ्या दोन स्वयंचलित केंद्रांवर तो 44 च्या आसपास होता. देशातला उच्चांक 19 मे 2016 चा, राजस्थानात फलोदीचा, 51 अंशांचा. हवामान खात्याने नंतर संवेदकातला बिघाड जाहीर केला, पण मुले त्याआधीच शंकेपर्यंत पोचू शकतात.

यात आपल्या वृत्तपत्राची मोठी मदत होऊ शकते. रोजच्या तापमानाच्या चौकटीत आकडा कोणत्या केंद्रावरचा आहे आणि सकाळ-संध्याकाळची सापेक्ष आर्द्रता किती, एवढे दोन तपशील छापावेत. शिवाय 15 मे ते 10 जून या काळातले गेल्या दहा वर्षांचे रोजचे कमाल तापमान एकदा तक्त्यात द्यावे. 'नवतपात (मेअखेरीच्या सुमाराचे नऊ दिवस) सगळ्यात जास्त ऊन असते' हे विधान मग मुलांना स्वतः तपासता येईल, आणि एका वर्षाच्या आकड्यांवरून त्याचे उत्तर का देता येत नाही हेही.

आपले,
काही विज्ञान शिक्षक, नागपूर