मलेरियाच्या जंतूची 'आत्महत्या'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात 'मलेरियाचे जंतू आता आत्महत्या करणार' असं हेडिंग वाचून बायको म्हणाली, घ्या, गेली तुमची नोकरी! मी कोथरूडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वीसेक वर्षं पावसाळ्यात स्लाइड बघण्यातच जातात, म्हणून लिहितोय.

जंतूतली कॅस्पेज त्याला आतून मारतात, असं बातमीत सगळीकडे छापलंय. कॅस्पेज ही आपल्या पेशींतली प्रोटीन्स, पेशीने मरायचं ठरवलं की आतली बाकीची प्रोटीन्स कापत सुटतात. मलेरियाच्या जंतूत ती नाहीतच, त्यांची लांबची भावकी आहे, मेटाकॅस्पेज, ती झाडांत आणि यीस्टमध्येही सापडते. आणि माणसात मेटाकॅस्पेज नाही, म्हणून तर औषध शोधणाऱ्यांचा डोळा तिच्यावर आहे, नेमकं तेच बातमीत गळलंय!

बरं, हा जंतू खरंच ठरवून मरतो का यावरच अजून वाद चालू आहेत. डासाच्या पोटात त्याचे कितीतरी ऊकिनेट (डासात तयार होणारं जंतूचं एक रूप) मरतात आणि मरताना आपल्या पेशींसारखीच लक्षणं दाखवतात, हे खरं. पण उंदरांच्या मलेरियाच्या जंतूतून एक मेटाकॅस्पेज जीन काढून पाहिला तरी ते मरायचे थांबले नाहीत. मग मारतंय कोण? औषध सुरू केलेल्या पेशंटच्या स्लाइडवर मलाही दिसतं, जंतूची निळसर रिंग जाऊन तांबड्या पेशीत नुसता आक्रसलेला गडद ठिपका उरलेला असतो. तो औषधाने मेला का आपणहून, हे त्या ठिपक्याकडे बघून मला तर नाही सांगता येत, आणि तुमच्या वार्ताहराला फोनवर कसं कळलं देव जाणे.

एरवी मी पत्रबित्र लिहिणारा माणूस नाही, पण काल एक जण मोबाइलवर तीच बातमी दाखवत विचारत होता की काका, आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना? व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा पेशंट, प्रायमाक्विन गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स, त्यातले जेमतेम पाच झालेले. व्हायवॅक्स लिव्हरमध्ये दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत ताप काढतो, हे त्याला काउंटरवर उभ्याउभ्या समजावलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं, गेला की नाही माहीत नाही. बातमीची तेवढी दुरुस्ती पहिल्या पानावर छापा, आतल्या पानात कोपऱ्यात नको.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे